मिनिटाच्या भावाने

मी दिवसभर काय करते, हे आमच्या इमारतीत कुणालाच नीट माहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा समज होता की मी गाणी ऐकते. कानावर हेडफोन, एक पाय पायडलवर, डोळे अर्धवट मिटलेले आणि मधूनच कपाळाला आठी. "एवढी कुणाची गाणी गं?" असं त्यांनी एकदा न राहवून विचारलं. मी म्हटलं, "निवृत्त कामगार उपायुक्तांची." तेव्हापासून त्या मला जरा जपूनच हाक मारतात.

मी शब्दांकन करते. लोक बोलतात, मी टाइप करते. गेली काही वर्षं माझ्याकडे येतात त्या बहुतेक कामगार आणि सामाजिक न्याय यांवरच्या मुलाखती. कुठल्या तरी संस्थेचा प्रकल्प असतो. प्राध्यापक बोलतात, वकील बोलतात, युनियनमध्ये आयुष्य घालवलेले म्हातारे कार्यकर्ते बोलतात, कधीमधी कामगारही बोलतात. ते सगळं माझ्या कानातून बोटांत उतरतं आणि ईमेलनं परत जातं. भाव मिनिटावर. मिनिट माझं नव्हे, बोलणाऱ्याचं. तज्ज्ञ तासभर बोलला की मला ६० मिनिटांचे पैसे. तो तास कागदावर उतरवायला मला पाच तास लागतात. बोलणाऱ्याच्या डोक्यावर पंखा असेल तर सहा.

सुरुवातीला वाटायचं, माझाच हात हळू आहे. मग एके दिवशी एक अर्थशास्त्रज्ञ बाई कानात सांगायला लागल्या की उक्त्या कामाची गंमत अशी असते, त्यात मुकादम लागत नाही, माणूस स्वतःच स्वतःला 'हळू' म्हणून हाकत राहतो. मी पायडलवरून पाय उचलला आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. ही पाच मिनिटं बिलात धरता येत नाहीत.

तज्ज्ञ ऐकून ऐकून मला त्यांच्या जाती कळायला लागल्या आहेत. एक असतात 'तीन मुद्दे' वाले. "यात तीन मुद्दे आहेत," म्हणून दमदार सुरुवात करतात, पहिला मुद्दा अर्धा तास चालतो, दुसरा पहिल्याच्या पोटातून निघतो आणि तिसरा येतच नाही. मुलाखत घेणारा विसरतो, तज्ज्ञही विसरतात. मी मात्र शेवटपर्यंत वाट बघत असते, कारण मी 'तीन' असं टाइप करून बसलेली असते. दुसरे 'एका अर्थानं' वाले. एका गृहस्थांनी पाऊण तासात ६३ वेळा 'एका अर्थानं' म्हटलं, दुसरा अर्थ एकदाही सांगितला नाही. वकिलांचं वाक्य 'तथापि'च्या आधी संपूच शकत नाही. पण माझा जीव आहे तो निवृत्त सरकारी अधिकाऱ्यांवर. घरच्यांचे वाढदिवस विसरतील, पण कलमांचे आकडे झोपेत विचारले तरी सांगतील.

त्यातल्याच एकांनी मला माथाडी कायदा शिकवला. त्याआधी माथाडी म्हणजे ट्रकवर चढून पोती उतरवणारी माणसं, एवढंच ठाऊक होतं. साहेबांनी चहाचा घोट घेतला (तो मला ऐकू आला, बशीत कप ठेवल्याचा आवाज तर गोळी सुटल्यासारखा) आणि प्रश्न टाकला, "हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचं पोतं उचलतो, दुपारी दुसऱ्याचं, संध्याकाळी तिसऱ्याचं. मग तो कामगार कुणाचा?" व्यापारी म्हणायचे, आमचा नाही. एकेकट्याचं म्हणणं खरंच होतं. सगळे खरं बोलत होते आणि हमाल कुणाचाच नव्हता. महाराष्ट्रानं १९६९ साली कायदा करून या कोड्याला उत्तर काढलं. हमालांची आणि मालकांची नोंदणी एका मंडळाकडे करायची. मालकानं मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून हमालाला प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार. पोतं कुणाचंही असो, डोकं मंडळाच्या वहीत.

मी हे टाइप करताना माझ्याकडे चार संस्थांची कामं होती. चारही संस्थांच्या कागदांवर माझा उल्लेख 'व्हेंडर' असा आहे. मी काय विकते, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. दुसऱ्यांचं बोलणं आणि माझी मान, एवढाच माल दिसला. त्या रात्री मी झोपेपर्यंत मनातल्या मनात महाराष्ट्र शब्दांकनकार मंडळ चालवलं. 'म्हणजे बघा' म्हणणाऱ्यावर साधी लेव्ही. एकाच वेळी दोघे बोलले तर दुप्पट. वाक्य अर्धं सोडून "असो, तो वेगळा विषय आहे" म्हणणाऱ्याची नोंदणी रद्द. सकाळी उठले तेव्हा मंडळ बरखास्त झालं होतं आणि चौघांपैकी दोघांचे "कधी मिळेल?" असे मेसेज येऊन पडले होते. कामाबद्दल. पैशांबद्दल विचारायची पाळी नेहमी माझी असते.

नारायण मेघाजी लोखंडे मला असेच भेटले. शाळेत ते कुठल्या धड्यात असतील तर तो धडा मी त्या दिवशी चुकवला असणार. एका इतिहासाच्या प्राध्यापकांच्या मुलाखतीत, ११व्या मिनिटाला, लोखंडे आले आणि मग पुढचा तास गेलेच नाहीत. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, मांडवीच्या गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केलेला माणूस. १८८४च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनसाठी तयार केलं. मागण्या ऐकताना आज हसू येतं, इतक्या त्या साध्या आहेत. आठवड्यातून रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करा आणि सूर्य मावळला की बंद करा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या.

इथं मी पायडल थांबवलं. १५ तारीख! हे मी टाइप करत होते जुलैत, आणि त्याच संस्थेकडे माझं मार्चचं बिल अडकलेलं होतं. १८८४चा गिरणी कामगार जे मागत होता, ते मिळालं असतं तर मी पेढे वाटले असते. पुढं प्राध्यापकांनीच सांगितलं की १९३६च्या वेतन कायद्यानं ही तारीख अजून अलीकडे आणली, लहान कारखान्यांसाठी ७ तारखेपर्यंत. मी ते '७' असं अंकात लिहावं की 'सात' असं अक्षरात, यावर उगाच जास्त वेळ घालवला. कायद्यातलं 'वेतन' कामगाराला मिळतं. व्हेंडरला 'पेमेंट' मिळतं आणि पेमेंट 'प्रोसेसमध्ये' असतं.

रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १० जून १८९०ला मान्य केली. ही माहिती मी मोठ्या उत्साहानं जेवताना मुलाला सांगितली आणि ती घोडचूक ठरली. पुढच्या रविवारी क्लासला जायची वेळ झाली तसा तो दारात उभा राहून म्हणाला, "लोखंड्यांनी एवढं केलं ते फुकट गेलं का?" नऊ वर्षांचं पोर. मला उत्तर सुचलं नाही, कारण सोमवारी सकाळी द्यायची एक मुलाखत उघडून मी स्वतः कानाला हेडफोन लावत होते.

गेल्या वर्षीपासून माझ्या कामात यंत्र आलं. आता बोललेलं आधी यंत्र टाइप करतं आणि मी 'फक्त तपासायचं' असतं. फक्त तपासायचं म्हणून भाव निम्मा. पहिली मुलाखत आली ती ऊसतोड कामगारांच्या एका अभ्यासकाची. यंत्रानं त्यातलं एक वाक्य असं उतरवलं होतं: "मुक्कामाने उचकी दिली आणि खाडीचे पैसे कापले." मी दहा मिनिटं ते वाचत होते. कोकणात कुणाला तरी प्रवासात उचकी लागली असावी, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. मूळ वाक्य होतं, "मुकादमाने उचल दिली आणि खाड्याचे पैसे कापले." म्हणजे हंगामाआधी हातात ठेवलेली आगाऊ रक्कम, ती फिटेस्तोवर करायची तोड आणि एखादा दिवस आजारी पडून कामावर गेलं नाही तर उलट कामगारालाच पडणारा दंड. यंत्राला हे शब्द ठाऊक नाहीत, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. या मुलाखती ऐकायच्या आधी मलाही खाडा म्हणजे फक्त शाळेतला खाडा माहीत होता, आणि शाळेत खाडा झाल्याबद्दल कुणी आमच्याकडून पैसे घेतले नव्हते.

त्याच प्रकल्पात बीडकडच्या एका तोडकरी बाईची मुलाखत होती. फडातच घेतलेली. मागं पाचट खसखसत होतं, लांबून ट्रॅक्टरचा आवाज, कुणाचं तरी लहान मूल. मुलाखत घेणारी मुलगी शहरातली, गोड आवाजाची, प्रश्न लिहून आणलेले. तिनं विचारलं, "टनामागे तुम्हाला किती मिळतात?" बाईनं आकडा सांगितला. मुलगी म्हणाली, "हे दोघांचे ना? तुमचे एकटीचे किती?"

आणि आवाज थांबला. माझ्या पडद्यावर आवाजाची रेघ असते, बोलणं चाललं की ती दातेरी होते, थांबलं की सपाट. ती सपाट झाली. ११ सेकंद. पाचटाचीसुद्धा खसखस नव्हती, म्हणजे बाईचे हात थांबले असणार. मग ती म्हणाली, "येकलीचं कसं सांगू बाई? कोयत्याला मिळतंय." मुलगी "बरं बरं" म्हणाली आणि पुढच्या प्रश्नावर गेली.

तोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, चार हात, मोजताना एक. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. हे मला त्याआधी तीन तज्ज्ञांनी सांगितलं होतं, एकानं तर 'श्रमाचं अदृश्यीकरण' असा शब्द वापरून सांगितलं होतं, आणि तो शब्द न चुकता टाइप केल्याचा मला अभिमानही वाटला होता. पण ती ११ सेकंदं ऐकेपर्यंत मला काही कळलं नव्हतं. संस्थेच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहिलेलं आहे की 'अं, हं, खोकला, पार्श्वध्वनी आणि विराम वगळावेत.' मी वगळले. कागदावर प्रश्नाखाली लगेच उत्तर आलं, जसं काही ते तिच्या ओठावरच होतं.

मुंबईच्या गिरणगावावर नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे पुस्तक आहे, २००४चं. त्यात तज्ज्ञ म्हणून बोलतात ते गिरणगावातलेच लोक, कामगार, कार्यकर्ते, बायका. मी ते वाचते तेव्हा माझं लक्ष भलतीकडेच जातं. हे सगळं ऐकून उतरवलं कुणी असेल? कॅसेट मागे-पुढे करताना किती वेळा फीत अडकली असेल आणि किती पेन्सिली घालून फिरवली असेल? धंद्याची खोड.

मी मूळची सोलापूरची. साखर पेठेच्या आसपास वाढलेली. आमच्या शेजारी एक अक्का होत्या, त्या विड्या वळायच्या. रात्री पानं भिजत घालायच्या, सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं त्या मापाची पानं कापायच्या, मग मांडीवर सूप. सुपात एका बाजूला पानं, एका बाजूला तंबाखू. पान, चिमूट, वळ, दोन्ही टोकं मोड, दोऱ्याचे वेढे, तोड. बोटांकडे त्या कधी बघायच्याच नाहीत. तेलुगूत पोरांना ओरडायच्या, मराठीत आमच्या आईशी बोलायच्या आणि विडी आपोआप होत राहायची. भाव हजारावर. हजार विड्या म्हणजे उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा दिवस, मधला स्वयंपाक, पाणी, पोरांची शाळा हे कशातच न मोजता.

हजार झाल्या की त्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथं विडी तपासणारा बसलेला असायचा. तो मूठभर विड्या उचलायचा, बोटांत फिरवायचा आणि काही बाजूला टाकायचा. ही वाकडी, ही सैल, हिचं पान फाटलेलं. त्या बाजूला टाकलेल्या विड्या म्हणजे छाट. छाट गेलेल्या विडीचे पैसे नाहीत आणि विडी परतही नाही. अक्का घरी आल्या की आईला सांगायच्या, "काल चालली की हीच विडी! आज काय झालं हिला?" त्या तपासणाऱ्याचं लग्न ठरलं त्या आठवड्यात छाट फार कमी पडली, असं सगळ्या बायका म्हणत होत्या. त्याचं वर्षातून दोनदा लग्न व्हावं, अशीही एकीची सूचना होती.

छाट हा शब्द मी नंतर तीसेक वर्षं ऐकला नाही. तो एकदम कानात आला एका वकिलांच्या तोंडून. १९६६चा विडी आणि सिगार कामगार कायदा, कलम ३९. मालकानं विडी नापास केली, तिचे पैसे दिले नाहीत आणि त्यावरून वाद झाला, तर तो सोडवायला सरकारनं नेमलेला अधिकारी असेल, अशी तरतूद. म्हणजे अक्का आईला जे सांगायच्या, ते सांगायला कायद्यानं एक माणूस ठरवून ठेवलेला होता. अक्कांना ते कुणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. त्यांच्या कानावर आलं ते वेगळंच काही. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. कामगार नेते आडम मास्तरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिथं आले होते. अक्कांच्या सुनेला तिथं घर लागलं. यंत्रानं परवा छाट या शब्दाचं 'चाट' केलं होतं. "मालक रोज चाट काढायचा." वाचणाऱ्याला वाटावं, काय दिलदार मालक!

आता गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते आणि उठते, कारण दुपारपर्यंत एक मुलाखत द्यायची आहे.

विषय होता थकलेली मजुरी. बोलणारे प्राध्यापक नामवंत, आवाज संथ, 'एका अर्थानं' फक्त नऊ वेळा. मजुरी उशिरा देणं हा मजुरी कापण्याचाच एक प्रकार आहे, कारण मधल्या दिवसांत मजूर किराणावाल्याच्या वहीत जगतो आणि त्या वहीला व्याज असतं, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मी टाइप करता करता मान हलवत होते. ३७व्या मिनिटाला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आभार मानले. सर म्हणाले, "छे छे, मलाच आनंद वाटला." पण रेकॉर्डर बंद करायचा राहिला.

पुढं खुर्च्या सरकल्या. कप आले. बशीत कप, गोळी सुटल्यासारखा. मग सरांचा आवाज, मघापेक्षा बराच खालच्या पट्टीतला. "अहो, ते मागच्या वेळच्या मानधनाचं काही कळलं का?"

"सर, ते प्रोसेसमध्ये आहे."

"नाही, घाई नाही. मी बिल दोनदा दिलं होतं, म्हणून विचारलं."

"हो सर. अकाउंट्सला पॅन कार्डाची प्रत परत हवी आहे म्हणे."

"ती मी तीनदा दिली."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. रेघ सपाट. मग बाई म्हणाल्या, "सर, माझंच कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपलंय. रिन्यूअलची वाट बघत येतेय रोज." आणि दोघंही हसले. चांगलं मोकळं, खूप वेळ हसले. त्या चार मिनिटांत दुसरं फारसं काही नव्हतं.

मी ते सगळं टाइप केलं. कपांसह, मोकळ्या जागांसह, आणि शेवटी कंसात '(दोघे हसतात)'. सूचनापत्रात हसण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मग ४१ मिनिटांचं बिल लावून पाठवलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. बाई सभ्य आहेत, मला ताई म्हणतात. लिहिलं होतं, "ताई, शब्दांकन नेहमीप्रमाणे उत्तम. मात्र मुलाखत ३७व्या मिनिटाला संपते. पुढचा भाग विषयाला धरून नसल्याने काढून टाकला आहे व तेवढी मिनिटे बिलातून वजा केली आहेत. कृपया सुधारित बिल पाठवावे. सोबत पॅन कार्डाची प्रत जोडावी."

मी सुधारित बिल पाठवलं. ४१पैकी ४ मिनिटं छाट गेली. उरलेल्या ३७ मिनिटांचं प्रोसेसमध्ये आहे.